बिनशेपटीची ओढणी

औंढा नागनाथ,
बुधवार

आदरणीय रामजी दाजींना,
धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे भीमराजचा, मनापासून जय भीम.

तुमची तब्येत ठीक असेल. साखर काबूत असेल, आणि ती काबूत आहे असं अक्काला वाटावं म्हणून तुम्ही गुळाचा चहा घरी न पिता हिंगोलीच्या बसस्टँडवर जाऊन पीत असाल. (मला दोन माणसांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. मी कुणाजवळ बोललो नाही, इथं लिहितोय तेवढंच.) अक्काचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी दिलेलं तेल तिनं गुडघ्याला लावलं का शेजारणीला दिलं, तेही कळवा. इकडं आम्ही सगळे मजेत आहोत. मशीन मजेत आहे, इब्राहीम मजेत आहे, पाऊसपाणी बराबर आहे.

तुम्ही परवा फोन केला. आकांक्षा पुण्याची नोकरी सोडून मामाच्या भरतकामाच्या दुकानात बसायचं म्हणते, ती तुझं ऐकते, तर भीमराज, तूच तिला नाही म्हण, असं तुम्ही सांगितलं. मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला. फोनवर जास्त बोलण्यात अर्थ नसतो, कारण माझ्या दुकानात बारा सुया एकदम चालू असतात, आणि तुम्ही रिटायर हेडमास्तर असल्यानं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात तुम्हाला मध्येच थांबवता येत नाही. म्हणून पत्र.

आधीच सांगून टाकतो, मी तुमच्या बाजूनं आहे. पोरगी इंजिनीअर झाली, कंपनीत लागली, तुम्ही गल्लीत पेढे वाटले. अशा पोरीनं सुई-दोऱ्याच्या दुकानात काहून बसावं? कंपनीनं घरून काम करायला सांगितलं तेव्हा ती तुमच्याकडं न राहता माझ्याकडं आली, कारण तुमच्याकडं अक्का दर अर्ध्या तासाला दार उघडून पोहे खाती का म्हणून विचारायची, आणि तिकडं तिचे साहेब सगळं ऐकायचे. दिवसा ती वरच्या खोलीत कंपनीचं काम करायची आणि संध्याकाळी खाली दुकानात. तेवढ्या वेळात तिनं काय काय केलं ते लिहितो. वाचा, आणि वाटलं तर तिलाही वाचून दाखवा.

तुम्हाला आमची मशीन ठाऊक आहे. मी आणि इब्राहीमनं भागीदारीत ती सुरतेहून जुनी आणली तेव्हा तुम्ही 'भंगार घेतलं' म्हणाला होता. (म्हणाला होता. मी तिसऱ्या खोलीत होतो, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत.) या मशीनला नक्षी द्यायला एक कम्प्यूटर आहे. त्याची उमर आकांक्षाएवढीच. त्याला खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस. नवा घ्या म्हणून सगळे सांगतात, पण नव्या कम्प्यूटरशी आमची मशीन बोलत नाही. जुनी माणसं असतात तशीच आहे ती. सुरतेच्या फिटरनं जाताना मला एक मंत्र शिकवला होता. डीआयआर, मग जागा सोडायची, मग चांदणी, टिंब, चांदणी. एवढं टाकलं की कम्प्यूटर पोटातल्या सगळ्या नक्षींची नावं ओळीनं दाखवतो. चांदणी काहून, टिंब काहून, मी विचारलं नाही. आजपर्यंत हाच मंत्र म्हणत आलो आणि दोन घरं त्यावर चालली.

आकांक्षा पहिल्या संध्याकाळी त्या कम्प्यूटरपुढं बसली आणि तिनं फक्त 'एलएस' असं टाकलं. कम्प्यूटरनं 'बॅड कमांड' म्हणून सुनावलं. तिनं परत टाकलं. त्यानं परत सुनावलं. मला म्हणाली, "मामा, माझ्या बोटांना सवय आहे. आमच्याकडं यादी बघायला सगळे हेच टाकतात." मी म्हणालो, "बाई, हा तुमच्याकडचा न्हाई, आमच्याकडचा आहे. याला डीआयआर म्हण." तिचा चेहरा बघितला आणि मला तुमची आठवण आली. पोरीच्या शब्दाला कुणी बॅड म्हणावं हे तुमच्या घरात चालत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कुठून तरी इवलासा प्रोग्राम शोधून आणला, फ्लॉपीवर घातला आणि आमच्या कम्प्यूटरला एलएस शिकवलं. तिकडच्या जातीच्या मोठ्या मशिनींचा हुकूम म्हणे, कुण्या हौशी माणसानं या गरिबासाठी उतरवून ठेवलेला.

मला आधी बरं वाटलं. तीन अक्षरांच्या जागी दोन, तेवढीच बोटाची मेहनत वाचली. पण हा नवा पाहुणा म्हणजे सून नव्हे, जावई निघाला. घर त्याच्या रीतीनं चाललं पाहिजे. पहिलं म्हणजे माझी सगळी नावं टोलेजंग अक्षरांत असायची, ती त्यानं बारीक करून दाखवली. इब्राहीम चष्मा पुसत राहिला. दुसरं म्हणजे, नावं आडवी दिसावीत म्हणून मी डीआयआरला तिरकी रेघ आणि डब्ल्यू लावायचो. यालाही लावलं, तर हा म्हणतो, डब्ल्यू नावाचं इथं कुणी राहत नाही. याला तिरकी रेघ म्हणजे पत्ता वाटतो, हुकूम द्यायचा तर आडवी रेघ लागते. तिसरं म्हणजे, यादीच्या मध्येच आयओ आणि एमएसडॉस अशी दोन नावं दिसायला लागली, जी मी जन्मात पाहिली नव्हती. मी मशीन बंद केली, व्हायरस आला म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढलं. (शटर ओढून व्हायरस थांबत नाही हे मला आता कळलं आहे, परत सांगायची गरज नाही.) आकांक्षा म्हणाली, ती दोघं पहिल्यापासून आतच आहेत, तीच तर कम्प्यूटर चालवतात, डीआयआर त्यांना झाकून ठेवायचा, एलएसला ते झाकणं कळत नाही. इब्राहीमला हे फार लागलं. म्हणाला, "इतके बरस दो आदमी घरमें रहके काम करते रहे, और हमने कभी चाय भी नहीं पूछी."

इथवर गंमत होती. आता किसनरावाचे बैल ऐका.

शिरड शहापूरचे किसनराव दर पोळ्याला बैलांसाठी नवी झूल शिवून नेतात, आणि तिच्यावर मोर. मोर आमच्याकडं पहिल्यापासून आहे, पण त्याचं नाव मला ठाऊक नाही. सुरतेच्या माणसानं नावं ठेवलीत जीएच-बेचाळीस-बी असली. ती कोण ध्यानात ठेवतो? मी जागा ध्यानात ठेवतो. दुसरी ओळ, तिसरं नाव, तो मोर. डीआयआरची रीत अशी की जो आधी आला तो आधी बसला, पंगतीसारखं, आणि एकदा बसलेला उठत नाही. पण एलएस आल्या आल्या सगळ्यांना पंगतीतून उठवतो आणि एबीसीडीप्रमाणं बसवतो. वर आणखी, डीआयआरची आडवी पंगत डावीकडून उजवीकडं वाचायची असते, आणि याची उभी, वरून खाली. मी आडवं वाचत होतो, आकांक्षा उभं वाचत होती, आणि इब्राहीमनं लहानपणापासून उर्दू वाचलेलं, तो घाईत असला की उजवीकडून सुरू करतो. एकच पडदा आम्ही तीन माणसं तीन तऱ्हेनं वाचत होतो आणि तिघांनाही आपलंच बराबर वाटत होतं.

तर मी दुसऱ्या ओळीतलं तिसरं नाव टाकलं आणि झूल चढवली. कानाला खटकलं होतं हो. मोराचा पिसारा शिवताना मशीन लांब लांब टाके घेते, झोक्यावर बसल्यासारखा आवाज येतो. हा आवाज तुटक होता, शिक्षा झाल्यासारखा. पण बाहेर पोळ्याची हलगी वाजून राहिली होती, दुकानात गर्दी, किसनरावांचा माणूस गाडी चालू ठेवूनच उभा. दोन्ही झुली न बघताच घडी करून दिल्या. संध्याकाळी शिरड शहापूरच्या वेशीत दोन्ही बैल सजून उभे राहिले, आणि दोघांच्या पाठीवर इथल्या एका इंग्रजी शाळेचा बिल्ला. उघडं पुस्तक, पेटती मशाल आणि खाली इंग्रजीत 'शिस्त'. हीच नक्षी आम्ही त्या शाळेच्या सदऱ्यांच्या खिशावर घालतो. झुलींवर ती मोराच्या मापानं, चांगली परातीएवढी आली होती. गाव काय सोडतं? "किसनराव, कोणत्या वर्गात आहेत?" "किसनराव, धाकट्याला वह्या घेतल्या का?" एकानं तर डाव्या बैलाला उठाबशा काढायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी किसनराव झुली घेऊन दुकानात आले. मी पाणी दिलं, चहा दिला, आकांक्षानं माफी मागितली, नव्या झुली फुकट देतो म्हणालो. ते म्हणाले, नव्या द्या, पण या परत मिळणार नाहीत. सरपंचाच्या बैलांकडं यंदा कुणी पाहिलं नाही. तरी दाजी, चूक ती चूकच. पोरीचा एलएस नसता तर मोरच गेला असता.

आता खरी गोष्ट. इब्राहीमची फरहीन तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या आकांक्षाच्या पाठची. तिचा निकाह ठरला. निकाहाची ओढणी आपल्याच मशीनवर करायची असं तिच्या आईनं, खुर्शीदभाभीनं, आधीच सांगून ठेवलं होतं. नक्षी आकांक्षानं काढली. विकतची नाही, हातानं. दोघी पोरी रोज संध्याकाळी बसायच्या; फरहीन सांगायची, ही पुसायची, परत काढायची. डाळिंबाची फुलं, मध्ये बारीक वेल, आणि कडेला सिद्धेश्वरच्या धरणावर हिवाळ्यात उतरतात तसले लांब मानेचे पक्षी, ते फरहीनला हवे होते. पोरीनं महिनाभर जीव ओतला. तेव्हा मला एकदा म्हणाली, "मामा, पुण्यात मी एका बटनाचा रंग बदलते, आणि तो बदललेला कुणाला दिसत न्हाई. हे माणूस अंगावर घेऊन बसणार." (हे मी तिच्या बाजूनं लिहीत नाही. ती म्हणाली म्हणून लिहिलं.)

आता माझी एक रीत सांगतो, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. कम्प्यूटरमधल्या नावाला मागं टिंब आणि तीन अक्षरांची शेपटी असते. माझा नियम असा की काम पुरं झालं आणि गिऱ्हाईक माल घेऊन गेलं की मगच नावाला शेपटी लावायची. तोवर नाव बिनशेपटीचं. म्हणजे नुसतं बघितलं की कळतं, कोणतं काम अंगावर आहे. हा नियम मी आकांक्षाला पहिल्याच दिवशी शिकवला आणि तिनं तो गुणी लेकरासारखा पाळला. ओढणीचं नाव तिनं 'फरहीन' एवढंच ठेवलं, शेपटीशिवाय.

निकाह चार दिवसांवर आला. कापड चौकटीत ताणलं, जरीचा दोरा ओवला, मी कम्प्यूटरपुढं बसलो आणि मंत्र म्हटला. फक्त डीआयआरच्या जागी एलएस. यादी आली. मोर होता, बिल्ला होता, ते दोन गुपचूप कामगार होते. फरहीन नव्हती. परत म्हटला. नव्हती. आकांक्षाला हाक मारली. ती आली, तिनं स्वतः टाकून बघितलं, म्हणाली, "आहे की, मामा." मी बसलो, नाही. मी चौकटीपाशी कापड धरून असताना ती बसली, म्हणाली आहे. मी बसलो, नाही. मला वाटलं, ही मला धीर द्यायला खोटं बोलून राहिली आणि मागून गुपचूप नवी काढणार. मग माझं डोकं सरकलं. तुझ्या त्या एलएसनं खाल्ली ओढणी, याच्यापुढं माझ्या कम्प्यूटरला हात लावायचा न्हाई, जा तुझ्या पुण्याला, बटनं रंगव, असं बोललो. दुकानात गिऱ्हाईक होतं, इब्राहीम होता. पोरगी उठली. वर गेली. माझ्या कानांचा मला पहिल्यांदाच राग आला, कारण वरचं सगळं खाली ऐकू येतं.

इब्राहीम चष्मा खिशात घालून घरी गेला. तो गेला आणि खुर्शीदभाभी आली. दारातूनच म्हणाली, "भीमराजभाई, अब दुल्हन क्या ओढेगी, तुमारा कम्प्यूटर?" मी म्हणालो, भाभी, बाजारातून भारीतली आणून देतो. ती म्हणाली, "बाजार की ओढणी तो दुश्मन भी देता है." एवढं बोलून ती जिना चढून सरळ आकांक्षाकडं गेली, आणि जाताना माझ्यासाठी आणलेला डबाही वर घेऊन गेली.

दुपारी मी उपाशी बसलो होतो. आकांक्षा खाली आली, माझ्याकडं न बघता कम्प्यूटरपुढं बसली. भाभी मागं कमरेवर हात देऊन उभी. मी पाठमोरा, दोरे लावत होतो. आवाज आला. टक टक ठक. आणि भाभी म्हणाली, "ये क्या, फरहीन तो इदरीच है!" मी वळलो नाही. कानात काहीतरी अडकलं होतं. म्हणालो, आकांक्षा, परत टाक. टक टक ठक. मी उठलो, तिला बाजूला सारलं, डोळे मिटले आणि माझं टाकलं. टक टक, मग दम, मग टकाटक टकाटक, मग ठक. मी म्हणालो, "पोरी, माझा आवाज लांब आहे. तू चांदणी-टिंब-चांदणी टाकत न्हाई काय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिला दुसऱ्याच भाषेत विचारलं. "मामा, चांदणी काहून टाकता?" मी म्हणालो, "मंत्र आहे." मग ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि भाभीनं दोघांनाही शिव्या दिल्या.

झालं होतं ते असं. डीआयआरला चांदणी-टिंब-चांदणी म्हणजे 'सगळे या'. त्याला टिंबाचं काही पडलेलं नाही, शेपटी असो नसो. पण एलएस पडला अक्षराला धरून चालणारा. तो म्हणतो, टिंब सांगितलंय, मग ज्याच्या नावात टिंब आहे तोच आत येईल. शेपटी नाही तर टिंब नाही, टिंब नाही तर आत नाही. म्हणजे माझ्या नियमानं जे जे काम अंगावर होतं, नेमकं तेवढंच माझ्या मंत्रानं गायब व्हायचं. एकट्या माझ्या नियमात चूक नव्हती, एकट्या तिच्या एलएसमध्येही नव्हती. दोघांचं लग्न लावलं आणि भांडण झालं. ओढणी त्याच दुपारी मशीनवर चढली, आणि दोन दिवस मी तिचा आवाज ऐकत बसलो. पक्ष्यांच्या माना शिवताना मशीन इतकी हळू बोलते, की रस्त्यावरचा टमटमवाला थांबून विचारत होता, बंद पडली का म्हणून.

तर दाजी, सगळं तुमच्यासमोर ठेवलं. पोरीनं आल्या आल्या माझा चालता कम्प्यूटर बिघडवला, बैलांना शाळेत घातलं, माझ्या भागीदाराच्या लेकीच्या निकाहात खोळंबा केला. तुमचं म्हणणं बराबर आहे. एलएस काढून टाक, होतं तसं कर, असं मी तिला सांगितलं आणि तिनं ते केलं. आता नोकरीचंही सांगतो. हे पत्र पुरं झालं की तिला बोलावतो आणि नाही म्हणतो. अक्काला जय भीम सांगा, गुडघ्याला जपा म्हणावं.

तुमचा,
भीमराज

ता. क. – पत्र पुरं करून दुकानात गेलो. म्हटलं, तिला बोलावण्याआधी एक काम मशीनवर चढवून घ्यावं. कम्प्यूटरपुढं बसलो आणि टाकलं एलएस. बॅड कमांड. परत टाकलं. बॅड कमांड. माझ्या बोटांना तिची सवय लागली हो दाजी. हाक मारली, ती आली, तिनं एलएस परत घातला आणि गेली. त्या गडबडीत नाही म्हणायचं राहून गेलं. आता उद्या.

ता. क. २ – उद्या गेला, आज शुक्रवार. काही म्हटलं नाही. खरं ते लिहितो, वरचं सगळं प्रस्तावना धरा. निकाहात बायका नवरदेवापेक्षा ओढणीकडं जास्त पाहत होत्या. वसमतच्या एका बाईनं तिथंच आकांक्षाचा हात धरला, माझ्या सुनेची तूच काढ म्हणाली. मशीनवाला कोण ते विचारलंसुद्धा नाही, आणि मी शेजारीच उभा होतो. इब्राहीम म्हणतो, दुकानाच्या पाटीवर दोन नावं आहेत, तिथं तिसरं घाला. मी म्हणालो, आधी तिच्या बापाला विचारलं पाहिजे. म्हणून विचारतो. पोरगी द्या, दाजी. नोकरीला नव्हे, भागीदारीला.

ता. क. ३ – पोस्टात टाकलं तर तुम्ही चार दिवस विचार कराल आणि मग फोनवर मध्ये बोलाल. म्हणून हे पत्र आकांक्षाच्याच हाती देतोय, आज सकाळच्या हिंगोली गाडीनं. पाकीट चिकटवलेलं नाही, डिंक संपला होता. तिनं हे वाचलं असणार, अगदी ही ओळसुद्धा. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच म्हणा, तिच्या तोंडावर. माझ्याच्यानं होत नाही. फक्त एक करा. तुम्ही आलेलं पत्र दारातच उभं राहून वाचता, मला माहीत आहे. तिला आधी घरात घ्या, पाणी द्या. नाही तर एवढं लांबलचक पत्र संपेपर्यंत पोरगी उंबऱ्याबाहेर तुमच्या तोंडाकडं बघत उभी राहील.